एका तुटलेल्या मुठीची हकीकत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्यास पोवई नाक्याजवळ आमच्या जुन्या मोटारीच्या डाव्या दाराची मूठ तुटून आमच्या हातांत आली. पाऊस चालू होता, दार उघडलें नव्हतें, आणि तो धातूचा तुकडा घेऊन आम्ही रस्त्यावर उभे होतों. गाडी दोनच आसनांची, कापडी टपाची, धांवण्याच्या हौसेसाठीं बांधलेली. उजव्या बाजूनें आंत शिरून आम्हीं डाव्या दाराचा आंतला खटका ओढून पाहिला, तोहि हलेना. तेव्हां आमच्या मंडळींना उजव्या दारानेंच शिरून, गियरचा दांडा ओलांडून, आपल्या जागीं जाणें भाग पडलें. हा प्रकार नाक्यावरील चहाच्या दुकानांतील दहावीस लोकांनीं कपबशा खालीं ठेवून पाहिला. तेथून उंब्रज, कऱ्हाड, इस्लामपूर करीत सांगलीस येईपर्यंत गाडींत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. ज्यांचे संसार जुने आहेत त्यांस ह्या मौनाचा अर्थ सांगावयास नको.

मोटारीच्या मुठीचें पुराण ह्या पानांवर कशाला, असें वाचक म्हणतील. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आलों आहों. मोडलेल्या राज्यांविषयीं बोलण्याची आम्हांस संवय आहे, मोडलेल्या वस्तूंविषयीं नाहीं. परंतु ही वीतभर मूठ पुन्हां दारावर चढण्यास चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत आमच्या स्वतःच्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासांतील एक मोठी रिकामी जागा आमच्या दृष्टीस पडली. इतकीं वर्षें ती डोळ्यांसमोर असून आम्हीं पाहिली नव्हती.

गाडी आमच्या मामांची. विलायतेंतील एम. जी. कारखान्याची, १९६०च्या दशकांतील. एम. जी. हीं मॉरिस गॅरेजेस ह्या नांवाचीं आद्याक्षरें. ऑक्सफर्ड शहरांत विल्यम मॉरिस ह्यांचें मोटारी विकण्याचें व दुरुस्त करण्याचें दुकान होतें. १९२२ सालीं सेसिल किंबर त्याचे व्यवस्थापक झाले आणि साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर देखणी व हलकी कोठी चढवून ते विकूं लागले. तेथून ह्या गाड्यांचा उगम. १९२९ पासून १९८० पर्यंत त्या ॲबिंग्डन येथें बनत. म्हणजे ह्या नामांकित गाडीचें कूळ एका दुरुस्तीच्या दुकानांत आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे. आज तें नांव दुसऱ्यांच्या हातीं असून त्या नांवाच्या, पण अगदीं निराळ्या, गाड्या २०१९ पासून गुजरातेंत हालोल येथें तयार होऊं लागल्या.

मामांच्या हातीं ती आली तो काळ परदेशी मोटारींच्या दुष्काळाचा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले; शिवडीस १९२८ पासून मोटारी जुळविणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीनें १९५४ सालीं आपला गाशा गुंडाळला. पुढें परदेशी गाडी मिळे ती बहुधा वकिलातींतील कोणी अधिकारी बदलून जातांना मागें सोडी तीच. मामांची गाडी अशाच वाटेनें मुंबईहून साताऱ्यास आली. तिचे सुटे भाग मात्र त्या वाटेनें येत नसत. त्यामुळें पुढचें अर्धें शतक ती ॲबिंग्डनच्या नव्हे, तर सातारा, कऱ्हाड व सांगली येथील मिस्त्र्यांच्या बळावर चालली. कोणता भाग मूळचा आणि कोणता इकडचा, हें मामांनाहि शेवटीं सांगतां येत नसे. डाव्या दाराची मूठ तेवढी निश्चित मूळची होती. आंगठा टेकतो त्या जागीं तिचा चकचकीत मुलामा झिजून आंतला करडा धातु उघडा पडला होता. ती झीज आम्ही लहानपणापासून पाहत आलों होतों; मामा गेल्यावर तिच्यावर आपला आंगठा टेकला म्हणजे बरें वाटे.

सांगलीस आम्हीं प्रथम ज्या कारखान्यांत ते दोन तुकडे नेले तेथील तरुण कारागीर मनानें चांगला आणि हातानें चपळ होता. त्यानें विचारलें नाहीं, आम्हीं सांगितलें नाहीं. मुलाम्याखालीं पितळ असणार असें धरून त्यानें दोन्ही तुकडे जुळवून ब्रेझिंगची ज्योत लावली. जोडावयाचें पितळ तांबूस होण्याच्या आधींच मूठ मधोमध खचली, तिला घाम आल्यासारखें झालें, आणि पाहतां पाहतां ती विटेवर ओघळून गोळा झाली. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. त्याचें तोंड उतरलें. दोष अधिक आमचाच; मुठीचा धातु कोणता हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें, आणि आम्ही म्हणे साधनांची चिकित्सा शिकवितों!

ती मूठ जस्ताची होती. जस्तांत शेंकडा सुमारें ४ भाग ॲल्युमिनियम, किंचित् मॅग्नेशियम व प्रसंगीं थोडें तांबें घालून होणाऱ्या ह्या मिश्रधातूस विलायतेंत मझॅक म्हणतात. अमेरिकेंत न्यू जर्सी झिंक कंपनीनें १९२९च्या सुमारास तो सिद्ध केला, तेव्हां घटकांच्या जर्मन नांवांवरून त्यास झामॅक असें नांव दिलें होतें. तो ३८० ते ३९० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान वितळतो; म्हणून पोलादी सांच्यांत दाबानें भरतां येतो आणि एकाच सांच्यांतून हजारों नग, अगदीं एकसारखे, निघतात. जस्त मात्र अत्यंत शुद्ध लागतें, १०० भागांत ९९.९९ इतकें. शिशाचा नुसता अंश राहिला तरी दमट हवेंत धातूच्या कणांमधील सांधे आंतून कुजतात आणि वस्तु आपोआप भेगाळून तिचा चुरा होतो. महायुद्धांमधील काळांतल्या पुष्कळ खेळण्यांचा व यंत्रांच्या भागांचा असाच शेवट झाला. आमच्या मुठीला हा रोग नव्हता. पण ब्रेझिंगला लागते ९०० अंशांच्या आसपास उष्णता, आणि चांदीच्या डाखालाहि ६००च्या वर. म्हणजे सांधा वितळण्याच्या आधीं सांधावयाची वस्तूच वितळते. करणारास जो गुण, तोच नीट करणारास शाप.

जस्ताच्या वाटेस असें कोणी जाऊं नये, हें आपल्या देशाला फार पूर्वीं कळलें होतें. खनिजांतून जस्त सुटतें तें सुमारें १००० अंशांना, आणि ९०७ अंशांनाच त्याची वाफ होते. भट्टींत तें जन्मास येतें तेंच वाफ होऊन, आणि हवा लागतांच जळून पांढरी राख होतें. तांबें, लोखंड जाणणाऱ्या बहुतेक प्राचीन लोकांच्या हातीं शुद्ध जस्त लागलें नाहीं तें ह्यामुळें. पितळ करावयाचें तर ते तांब्याबरोबर जस्ताचें खनिज व कोळसा घालून तापवीत आणि वाफ तांब्यांतच मुरूं देत. उदेपुराजवळ जावर येथील लोकांनीं ही वाफ पकडली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टींत उलट्या बसवून त्यांच्या नळ्या खालच्या थंड कप्प्यांत सोडावयाच्या, म्हणजे वाफ खालीं उतरून थिजते. १९८०च्या दशकांत ब्रिटिश म्यूझियम, बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक ह्यांनीं मिळून तेथें संशोधन केलें, तेव्हां ह्या भट्ट्या मुशींसकट हातीं लागल्या. निदान चौदाव्या शतकांत तेथें मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होतें, आणि रसरत्नसमुच्चय ह्या ग्रंथांत ह्याच रीतीचें वर्णन आहे. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियननें असेंच खालीं उतरणाऱ्या वाफेचें जस्त काढण्याचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं.

हें सारें वर्गांत सांगितलें म्हणजे विद्यार्थी माना डोलावतात आणि आम्हीहि थोडे फुगतों. परंतु त्या दिवशीं टेबलावर तो करडा गोळा ठेवून बसलों असतां जावरच्या अभिमानाचा आम्हांस कांहीं उपयोग झाला नाहीं. वस्तु प्रथम कोणीं केली, हें सांगणारा इतिहास आमच्यापाशीं होता. मोडलेली वस्तु कोण नीट करी, कशी करी, आणि तो माणूस पुढें कोठें गेला, हें सांगणारा इतिहास कोठें आहे?

आमच्या दोन जिल्ह्यांना इतिहासकारांची वाण नाहीं. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस ह्यांनीं जन्मभर कागद व चित्रें जमविलीं; तो संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. मिरजेस शाळेंत शिकवितां शिकवितां वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. ह्यांच्या शिदोरीवर आमच्यासारख्यांच्या पिढ्या जगल्या. त्या कागदांत मोहिमा, तह, सरंजाम, भाऊबंदकी, सारें मिळतें. तोफेच्या गाड्याचा आंख मोडल्यानें मुक्काम लांबला, एवढें एखाद्या पत्रांत येईलहि. पण तो आंख कोणीं बसविला आणि किती रात्रींत, हें लिहिण्याचें कारकुनास कारण नव्हतें. मुक्काम हलला कीं आंखाची आठवण संपली.

गांवच्या व्यवस्थेंत मात्र ह्या माणसाची जागा ठरलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ ह्या पुस्तकांत बलुतेदारांचें जें सविस्तर वर्णन आहे तें आम्हीं ह्या निमित्तानें पुन्हां वाचलें. सुतार व लोहार हे पहिल्या प्रतीचे बलुतेदार. कुणब्याचें औत मोडलें, फाळ बोथटला, गाडीची धांव सैल झाली, तर तें त्यांनीं नीट करून द्यावयाचें. लोखंड व लांकूड शेतकऱ्याचें, हात त्यांचे. दर कामाला निराळा दाम नाहीं. सुगींत खळ्यावर धान्याचा वांटा. म्हणजे दुरुस्ती ही विकत घेण्याची वस्तु नव्हती, ती वर्षाच्या हिशेबांतच धरलेली असे. ह्या पद्धतीचे गोडवे गाणारांपैकीं आम्ही नव्हे. लोहाराच्या पोरास लोहारच व्हावें लागे, आणि त्याच्या पदरांत पडणारें धान्य पुष्कळदां उपकार केल्यासारखें पडे. तथापि वस्तु करणारा आणि तीच वस्तु वर्षानुवर्षें चालती ठेवणारा हा एकच माणूस होता. आपण केलेलें औत उद्यां आपल्यालाच दुरुस्त करावयाचें आहे हें माहीत असलेला सुतार तें कसें करीत असेल, हें ओळखण्यास फार बुद्धि लागत नाहीं.

ही सांगड तुटली कशी, ह्याची कथा नांगराच्या फाळाशीं बांधलेली आहे. इंग्लंडांत इप्स्विचच्या रॉबर्ट रॅन्समनें १८०८ सालीं नांगराचे भाग सुटे आणि एकमेकांच्या जागीं बसणारे करण्याचें पेटंट घेतलें. ‘सुटा भाग’ ही कल्पना आज आपल्याला श्वासोच्छ्वासाइतकी साधी वाटते. परंतु तिचा अर्थ असा कीं झिजलेला भाग नीट करूं नये, टाकावा, आणि तसाच दुसरा विकत आणावा. शेतकऱ्याचा दिवस वांचला आणि लोहाराचें अर्धें काम गेलें. आमच्या भागांत ही कल्पना लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आणली. १८८८ सालीं बेळगांवांत बंधु रामुअण्णांसह त्यांनीं सायकलींचें दुकान घातलें. मग कडबा कापण्याचें यंत्र, आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानें जमिनीला विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधच्या संस्थानिकांनीं कुंडल स्टेशनाजवळचा माळ दिला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. साताऱ्यास धनजीशा कूपर ह्यांनीं १९२२ सालीं कारखाना काढला तोहि लोखंडी नांगरांचाच. त्यांतून १९३३ सालीं डिझेल एंजिन निघालें. हे गृहस्थ १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य मंत्रीहि होते. त्यांच्या मंत्रिपदाबद्दल आमचे विद्यार्थी परीक्षेंत दोन ओळी लिहितात. एंजिनाबद्दल कोणी लिहीत नाहीं, कारण आम्हीच कधीं विचारलें नाहीं.

ह्या कारखान्यांनीं बलुत्याचा लोहार बुडविला, असें म्हणणें सोपें आहे. तें अर्धेंच खरें. कारखान्यांत हातोडा धरणारीं माणसें कोठून आलीं? ज्यांना लोखंडाची भाषा येत होती अशीं माणसें गांवोगांवच्या भात्यांपाशींच होतीं. आणि मालकांपैकीं किर्लोस्करांचा आरंभ तर सायकल विकण्याच्या व खोलून नीट करण्याच्या धंद्यांतला. ऑक्सफर्डच्या दुकानाची येथें आठवण व्हावी. वस्तु खोलून पाहिल्याशिवाय ती करतां येत नाहीं, आणि मोडल्याशिवाय सहसा कोणी ती खोलूं देत नाहीं.

ह्याचें सर्वांत सुंदर उदाहरण मिरजेचें. शिकलगारांचा धंदा हत्यारांना धार व झळाळी देण्याचा. मराठी राज्य गेलें, संस्थानी फौजा ओसरल्या, तशी तलवारीला धार लावणाऱ्याची गरजहि ओसरली. मिरजेस संस्थानिकांच्या आश्रयानें गवई येत असत, आणि त्यांचे तंबोरे प्रवासांत दुखावत. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब व मोहिनुद्दीन ह्या शिकलगारांनीं हीं वाद्यें नीट करून देण्याचें काम अंगावर घेतलें. नीट करतां करतां भोपळ्याची जाडी, तबकडीचा उठाव, घोडीचा उतार हीं रहस्यें उलगडलीं आणि मग नवें वाद्य करावयास हात धजावले. पंढरपुराकडचे भोपळे आणि मिरजेचे हात ह्यांतून जी सतार व जो तंबोरा तयार होऊं लागला त्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मिरजेस राहणारे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे स्वतः वाद्यदुरुस्तींत निष्णात होते; ते १९३७ सालीं वारले. एवढा थोर गायक हातांत पटाशी घेऊन बसतो ह्याचें त्या काळीं कोणास नवल वाटलें असेल तर वाटो. ज्याला सुराची पर्वा आहे तो घोडीकडे दुसऱ्याच्या भरंवशावर कसा पाहील?

मुठीच्या शोधांत आम्ही शेवटीं मिरजेसच पोंचलों. मध्यंतरीं आमच्या चिरंजीवांनीं विलायतेंतून तयार मूठ मागविण्याचें सुचविलें होतें. जुन्या एम. जी. गाड्यांचे भाग नव्यानें घडवून विकणाऱ्या पेढ्या तिकडे आहेत. मूठ मिळालीहि असती. ती कां मागविली नाहीं ह्याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, आम्हांस लाज वाटत होती. मामांनीं अर्धें शतक सांभाळलेली वस्तु आमच्या एका निष्काळजी दुपारीं नाहींशी झाली, आणि ती पैसे टाकून भरून काढावी हें मनास येईना.

मिरजेच्या जुन्या वस्तींत एक वृद्ध ओतारी समया व घंटा ओततात असें कळलें होतें. आम्हीं त्यांच्यापुढें तो गोळा ठेवला. त्यांनीं तो हातांत झेलून पाहिला, नखानें खरवडला, आणि म्हणाले, “जस्त हाय हे, सर. जस्ताला जाळ दावायचा नसतो. आमच्यांत पोराला बी ठावं असतंय.” आम्ही मान खालीं घातली. “पितळेची ओतून देतो,” ते म्हणाले, “पण नमुना कुठाय?”

येथें नवी अडचण. उजव्या दाराची मूठ शाबूत होती. परंतु उजवी ती उजवी आणि डावी ती डावी. मुठीची आंत जाणारी जीभ एका बाजूस वळलेली असते. उजवीवरून सांचा घेतला तर दुसरी उजवीच निघणार. शेजारीं तंबोरे करणाऱ्या एका कारागिराचें दुकान होतें. ओताऱ्यांनीं त्यांस हांक मारली. त्यांनीं उजवी मूठ पाटावर ठेवली, तिच्यासमोर दाढीचा आरसा उभा केला, आणि आरशांत दिसणाऱ्या मुठीकडे पाहून लांकडाचा नमुना कोरावयास घेतला. तीन संध्याकाळ आम्ही तेथें बसून पाहिलें. ज्या हातांचे पूर्वज तलवारीची मूठ धरीत, ते तंबोऱ्याच्या पटाशीनें मोटारीची मूठ कोरीत होते. हें दृश्य कोणत्याहि दप्तरांत आम्हांस मिळालें नसतें.

नमुना मूळ मुठीएवढाच करून चालत नाहीं. वितळलेलें पितळ थिजून थंड होतांना आकसतें, शंभरांस सुमारें दीड ह्या प्रमाणानें. मूठ १४ सेंटिमीटरांची. म्हणजे नमुना दोन मिलिमीटरांनीं लांब हवा, नाहीं तर दारांतील दोन्ही बोल्टांच्या भोंकांशीं ती जुळणार नाहीं. कारखान्यांत ह्यासाठीं वाढीव मापाच्या निराळ्या पट्ट्या असतात. आमच्या ओताऱ्यांनीं बोटानें दाखवून “एवढं ज्यादा” असें सांगितलें. आम्हीं घरीं येऊन मोजलें तों तें बरोबर दोन मिलिमीटर भरलें. दोन फळ्यांच्या चौकटींत मळी मिसळलेली वाळू ठोकून त्यांनीं सांचा केला. मुशींतलें पितळ पिवळें होऊन वर पांढरा धूर सुटूं लागला तसें त्यांनीं आम्हांस मागें सारलें. तो जळणाऱ्या जस्ताचा धूर. तो फार नाकांत गेला तर संध्याकाळीं हुडहुडी भरून ताप येतो आणि सकाळीं उतरतो. वडिलांना तो ताप नेहमीं येई, असें ते म्हणाले. त्यांचा मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत पगारी नोकरीला आहे. त्याला ताप येत नाहीं, हें सांगतांना त्यांच्या आवाजांत दुःख नव्हतें. उलट समाधानच होतें. आम्हांस जें दुःख वाटावयाचें तें आम्ही तेथें गिळलें. बलुत्याच्या बेडीविषयीं वर आम्हींच लिहिलें आहे.

पहिली ओतीव मूठ फसली. जिभेपाशीं हवा राहून पोकळी पडली होती. दुसरी साधली. कानस फिरवून तिला आकार आला, आणि मग आट्यांचा प्रश्न उभा राहिला. महायुद्धांत इंग्रज व अमेरिकन यंत्रांचे स्क्रू एकमेकांत बसेनात म्हणून १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कानडा ह्यांनीं आट्यांचें एक समान माप ठरविलें; आमच्या गाडीचे बोल्ट त्या मापाचे. इकडे आतां मिलिमीटरांचें राज्य. सांगलींत एका जुन्या टर्नरपाशीं त्या मापाचा टॅप निघाला. वडिलांच्या पेटींत होता म्हणे.

दार उघडल्यावर (तें आंतला पत्रा काढून उघडावें लागलें) खरा प्रकार समजला. कुलपाच्या यंत्रांतलें ग्रीस सुकून डांबरासारखें झालें होतें, आणि बिजागरी झिजल्यामुळें दार खालीं बसून खटका आपल्या खोबणींत रुतत होता. गेलीं कित्येक वर्षें प्रत्येक वेळीं मूठ ओढतांना हा सारा अडथळा त्या जस्ताच्या पातळ जिभेवर पडत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसें झालें होतें. विलायतेहून नवी मूठ आणून बसविली असती तर तीहि पुढच्या पावसाळ्यांत हातांत आली असती. मिस्त्र्यांनीं रॉकेलनें यंत्र धुतलें, तेल घातलें, बिजागरीखालीं पत्र्याची चकती सारून दार उचललें. मग मूठ चढविली.

तिला मुलामा द्यावा कीं नाहीं ह्यावर घरांत दोन मतें पडलीं. उजवी मूठ रुपेरी आणि डावी पिवळी हें विशोभित दिसतें, हें मंडळींचें मत. तें खरें आहे. तांबें, निकल आणि क्रोमियम असे तीन थर द्यावे लागतात आणि तें काम सांगलींत होतें. परंतु मुलाम्याखालीं गेली म्हणजे ती पितळेची आहे हें कोणाला दिसणार नाहीं, आणि शंभर वर्षांनीं कोणी दुसरा तरुण दुसऱ्या दिशेनें फसेल. आम्हीं तूर्त ती तशीच ठेवली आहे. पितळ जस्तापेक्षां जड, त्यामुळें हाताला वजन निराळें लागतें. ओताऱ्यांना आम्हीं मुठीच्या आंतल्या बाजूस आपलें नांव किंवा खूण घालावयास सांगितलें होतें. ते हंसले. “देवाच्या समईवर घातलं न्हाई, सर, आन् गाडीच्या दाराला?” आम्हीं आग्रह केला नाहीं. त्यांचें नांव आम्हींहि येथें लिहीत नाहीं, कारण त्यांनीं तें विचारूं दिलें नाहीं.

गेल्या महिन्यांत पुन्हां साताऱ्यास जाणें झालें. पोवई नाक्यावर मंडळी डाव्या दारानें उतरल्या. दार एका बोटानें उघडलें. चहाच्या दुकानांतून ह्या वेळीं कोणी पाहिलें नाहीं. करडा गोळा आमच्या टेबलावर कागदांवर ठेवण्याच्या कामी येतो. लांकडी नमुना ओताऱ्यांनीं खुंटीला टांगून जपला आहे, पुन्हां लागला तर असावा म्हणून. उजव्या दाराची मूठ हल्लीं थोडी हलूं लागली आहे. पण तो नमुना डावीचा.